साहेबाचा फोन आला की

माझ्या शेजारी राहतो तो पोरगा पुण्याच्या कंपनीचं काम इथं देऊळघाटात घरी बसून करतो. बसून म्हणजे काय, साहेबाचा फोन आला की खुर्चीतून उठून उभाच राहतो. तिकडून कोण पाहून राह्यलं? पण फोन संपेपर्यंत "हो सर, हो सर" उभ्यानंच. तेवढ्यात माझ्या बकऱ्या ओरडल्या की खिडकीतून मला हात जोडतो. मी कोणाचं ऐकणारा माणूस नाही. बकऱ्या तिथंच, कुंपणाजवळच्या लिंबाखाली बांधायचो.

परवा तो कुंपणाशी आला. "आबा, कंपनी म्हणते, चार महिन्यांचा पगार घ्या अन् आताच निघा. नाही त दोन महिने काम सुधारून दाखवा. नाही जमलं, त हातात काहीच नाही."

मी म्हटलं, "पगार घे अन् नीघ बे. जिंदगीभर बैल घेतले-विकले मी. बैल घ्यायचा नसला की मीच दात पाहून खोड काढायचो."

"मालूम आहे आबा. पण माह्यात खोड आहे का नाही, हे मले तरी पाहू द्या."

"येडा आहेस."

संध्याकाळी फोन आला. खिडकीतून पाहिलं, तो उठला नाही. बसूनच, सावकाश म्हणाला, "सर, मी दोन महिने काम करून दाखवतो."

सकाळी मी बकऱ्या सोडल्या आणि घरामागं नेऊन बांधल्या.

"काऊन आबा?" त्यानं खिडकीतून विचारलं.

"तिकडं सावली जास्त आहे," मी म्हटलं.