पानाखालचं नाव

मसुदेनानांना पूर्ण झालेली गोष्ट बघवत नसे. कोणताही कागद टेबलावर आला की ते चष्मा कपाळावर सरकवत, कागद हातभर लांब धरत आणि कोपऱ्यात लाल शाईनं ‘मसुदा’ असं लिहून परत पाठवत. दुरुस्त होऊन आला की पुन्हा ‘मसुदा’. पोटच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी ऑफिसात अवलोकनार्थ फिरवली होती. ‘आगमन प्रार्थनीय’ की ‘उपस्थिती प्रार्थनीय’ यावर इतका खल झाला की पत्रिका छापून आली तेव्हा लग्न तोंडावर आलं होतं. आम्हाला ती देताना म्हणाले, “तूर्त ही ठेवा.” आता पत्रिका तूर्त की लग्न, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

त्यांचं आडनाव अर्थातच मसुदे नव्हतं. ते आम्ही ठेवलेलं. आमच्या विद्यापीठात ते उपकुलसचिव होते. घर धुळ्याला, देवपुरात. आठवडाभर जळगावात खोली घेऊन राहत आणि शुक्रवारी संध्याकाळच्या बसनं घर गाठत. मी संगणक विभागात प्रोग्रामर होतो, वयानं त्यांच्या निम्मा आणि घाईनं दुप्पट. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण नव्वदचं दशक सरत आलं होतं, कुलगुरू पुण्यातली कसलीशी परिषद उरकून आले आणि म्हणाले, “आपलीही वेबसाइट हवी.” पानं बनवायचं काम मला मिळालं. ती प्रसिद्ध करण्याचे नियम ठरवायचं काम नानांना मिळालं. तिथंच माझं नशीब फुटलं.

मी आठवडाभरात पाच-सहा पानं तयार करून त्यांच्याकडे गेलो. ते माझ्याकडे लग्नाआधीच बाळ घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले. “आधी नियम, मग पान,” ते म्हणाले. “नियम नसताना पान चढवलं, तर उद्या ते कोणत्या नियमाखाली उतरवणार?” मग वहीत मान घालून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हे पान केवढं असतं? फुलस्केप की लीगल?” मी सांगितलं, नाना, त्याला माप नसतं, खाली सरकवत जाल तेवढं ते सरकतं. “म्हणजे ते संपतच नाही?” त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला धडकीच भरली.

नियम चांगले वर्षभर होत राहिले. मी मथळे हिरव्या रंगात केले होते. नानांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हिरवा कोणी दिला?” मी म्हटलं, मीच दिला, छान दिसतो. “छान दिसतो म्हणून? हिरव्या शाईचा अधिकार वरच्या साहेबांना असतो. तुमचे मथळे बघून लोकांना वाटेल, हे सगळं कुलगुरूंनी स्वतः बसून लिहिलंय.” लाल करू का, असं मी चिडून विचारलं, तर लाल त्यांचा स्वतःचा होता. शेवटी सगळे मथळे काळे झाले. वेबसाइट दहावं-तेरावं कळवणाऱ्या पत्रासारखी दिसू लागली आणि नाना म्हणाले, “आता भारदस्त वाटते.”

दुव्याचं तर विचारू नका. दुसऱ्या एका संस्थेच्या वेबसाइटचा दुवा मी आमच्या पानावर दिला होता. नानांच्या मते तो त्या संस्थेशी केलेला पत्रव्यवहारच होता, तेव्हा आधी त्यांची लेखी परवानगी हवी. पत्र गेलं, स्मरणपत्र गेलं. त्यांच्याकडून उत्तर आलं की आपलं पत्र कशासंबंधी आहे याचा बोध होत नाही, कृपया खुलासा करावा. नानांनी आनंदानं खुलाशाचा मसुदा करायला घेतला. मी विभागात येऊन डोकं धरून बसलो.

पण सगळ्यांत मोठा वाद झाला तो शेवटच्या नियमावर. प्रत्येक पानाखाली त्या पानाला जबाबदार असलेल्या माणसाचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर हवा, असं नानांचं म्हणणं. मी म्हटलं, “नाना, जगभर नुसतं ‘वेबमास्टर’ लिहितात.”

“वेबमास्तर? कोणत्या शाळेचा?”

“शाळा नाही हो. तसं म्हणायची पद्धत आहे.”

“पद्धत राहू द्या. पान चुकलं तर लोकांनी भांडायचं कोणाशी? पानाला माणूस हवा, संगणकवाले.”

त्या नियमानं खरी अडचण केली ती जून महिन्यात. शेवटच्या वर्षाचा निकाल मंजूर झाला होता, पण गुणपत्रिका छापून कॉलेजांत जायला वेळ होता. अशात साक्रीकडचे एक शेतकरी गृहस्थ गुणपत्रिका मागायला विद्यापीठात आले. तिथं कोणी दाद देईना, म्हणून फिरत फिरत आमच्या विभागाच्या दारात येऊन उभे राहिले. मुलगी पुण्याला मामाकडे होती. तिथल्या कॉलेजात पुढच्या प्रवेशाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

“साहेब, पोर पुनाले शे,” ते अहिराणीत म्हणाले. “बठ्ठा कागद दिधात, निकालच बाकी शे. उद्यानंतर तिले कोन घी? मी कसा धाडू निकाल?”

मी म्हटलं, धाडायची गरजच नाही. निकालाचं पान माझ्याकडे तयार आहे. आत्ता चढवलं की मामा पुण्यात सायबर कॅफेत जाऊन प्रिंट काढेल. मी धावत नानांकडे गेलो. गृहस्थ माझ्या मागोमाग. नानांनी पान वाचलं, अगदी तळापर्यंत वाचलं, आणि विचारलं, “खाली नाव कोणाचं?”

मला ओरडावंसं वाटलं. एका पोरीचं वर्ष जायची वेळ आली होती आणि हा माणूस तळाशी नाव शोधत होता! मी म्हटलं, माझं टाका. तर प्रोग्रामरला निकालाचा अधिकार नाही. मग नाना फाईल काखेत मारून स्वतः उठले. परीक्षा विभागानं सांगितलं, वेबसाइट आमची नाही. माझ्या प्रमुखांनी सांगितलं, निकाल आमचा नाही. आणखी वर गेलो तर ‘सोमवारी बघू’. त्या रणरणत्या दुपारी नाना एका इमारतीतून दुसरीत जात होते. मागे मी, आणि माझ्या मागे टोपी हातात धरून ते गृहस्थ. नाव द्यायला एकही जण तयार होईना.

परत आल्यावर नाना खुर्चीत टेकले. गृहस्थांकडे बघून त्यांची ऑफिसातली मराठी एकदम गळून पडली. “बैस भाऊ. मी शे ना,” ते म्हणाले. मग त्यांनी पानाखाली स्वतःचं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तो खोडला, पुन्हा लिहिला. दुसऱ्या दिवशी शनिवार, ते धुळ्याला असणार, म्हणून देवपूरच्या घरचा फोन नंबर लिहिला. तेवढ्यातही एक स्वल्पविराम बदलायला लावलाच. पान चढलं.

शनिवारी दुपारी पुण्याच्या कॉलेजातून खरोखरच फोन गेला. तिथल्या कारकुनाला नुसत्या प्रिंटचा भरवसा वाटेना. नाना सकाळपासून निकालाची प्रत मांडीवर घेऊन फोनपाशी बसले होते. त्यांनी एकेक विषयाचे गुण वाचून दाखवले आणि पोरीला प्रवेश मिळाला. हे मला त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी, नंतर सांगितलं. अंघोळीलासुद्धा उठले नाहीत, हेही वर सांगितलं. नानांनी स्वतः सोमवारी मला एवढंच ऐकवलं की तिसऱ्या ओळीत अंतर जास्त पडलंय.

निकालाचा प्रत्येक हंगाम मग नानांच्या नावावर सुरू झाला, कारण दुसरं नाव कोणी दिलंच नाही. ते निवृत्त झाले, देवपुरात जाऊन राहिले, तरी पानाखाली तेच. खानदेशभरची पोरं त्यांच्या घरी फोन करत आणि नाना एसटीडी करून माझा जीव खात. “शहाद्याचा एक मुलगा विचारतोय. बघून लगेच कळवा.” मी एकदा वैतागून म्हणालो, “नाना, तुमचं नाव काढून टाकतो आता. तुम्हीही सुटाल आणि मीही.” ते म्हणाले, “काढा की. जागेवर कोणाचं घालताय, तेवढं सांगा.” मी पुढच्या मुलाचा सीट नंबर लिहून घेतला.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी नाना हृदयविकारानं गेले. मी देवपूरला भेटायला गेलो. अक्का शांत होत्या. आम्ही बोलत असताना फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “नाही रे बाळा, ते आता नाहीत.” फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. “रोज येतात हो फोन. ही लेकरं आशेनं विचारतात. मी त्यांना काय सांगू?”

सोमवारी मी नानांचं नाव पानावरून काढलं. तेवढी जागा रिकामी दिसायला लागली. प्रमुखांना विचारलं, इथं काय लिहू? ते मान वर न करता म्हणाले, “वेबमास्टर लिहा हो. कशाला कटकट?” मी टेबलाशी परत आलो. नानांचा इतका राग मला ते जिवंत असतानाही कधी आला नव्हता, आणि इतकी आठवणही. मग तिथं मी माझं नाव लिहिलं आणि खाली घरचा नंबर घातला.

पुढच्या निकालाच्या वेळची गोष्ट. रविवार होता. पानात गरम भरीत आणि कळण्याची भाकरी होती, पहिला घास तोंडाशी नेला आणि फोन वाजला. बायकोनं उचलला. “तळोद्याहून कोणी मुलगी आहे. निकालाचं विचारतेय. नंतर कर म्हणून सांगू?”

मी घास ताटात ठेवला, नानांच्या नावानं मनसोक्त चरफडलो, हात धुतला आणि फोन घेतला.

“बोल बेटा. सीट नंबर सांग.”