वळाबाईंचा वॉर्ड

"चला, वळा!" हे दोन शब्द त्या सिस्टर दिवसभरात इतक्यांदा म्हणायच्या की वॉर्डात त्यांचं नावच वळाबाई पडलं. पाठीमागे नव्हे हं, तोंडावर. एका पेशंटने तर हात जोडून विचारलं होतं, "वळाबाई, मेल्यावर तरी मला उताणा पडू द्याल ना?" त्या म्हणाल्या, "तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता डावीकडे वळा."

हाडांचा वॉर्ड तो. कुणाची मांडी मोडलेली, कुणाचा कणा. ज्याला आपणहून हलता येत नाही त्याला हलवायला माणूस लागतं, आणि दुष्काळ होता तो माणसांचाच. सगळ्या खाटा भरलेल्या आणि ड्यूटीवर सिस्टर मोजून दोन. नवी भरती येणार, येणार म्हणता म्हणता वळाबाईंचे केस पिकले. इकडे पेशंट एकाच अंगावर पडून राहिला की हाडाखालचं कातडं दबतं, तिथे रक्त पोचत नाही, आधी लाल होतं आणि मग जखम पडते. ती पडली की भरता भरत नाही. "पेशंटच्या पाठीला जखम म्हणजे माझ्या तोंडाला काळं," असं त्या म्हणायच्या, आणि ते त्यांना मनापासून वाटायचं.

घरी तरी सुटका? छे! नवरा शिंपी. फोमचे नि पडद्याच्या कापडाचे उरलेले तुकडे जोडून त्या त्याच्याकडून उशा शिवून घ्यायच्या. काही पाठीशी टेकवायला, काही पोटऱ्यांखाली घालायला, म्हणजे टाचा अंथरुणाला घासत नाहीत. तो कुरकुरायचा, "मेहुणीच्या लग्नातसुद्धा एवढं शिवलं नव्हतं मी. आणि ही बाई झोपेत मलाही वळा म्हणते!" कुरकुरायचा आणि शिवायचा. गुणी माणूस.

तर या वॉर्डात एक ट्रकड्रायव्हर आला. चाळिशीचा, खांद्याने रुंद. गाडी उलटली, कण्याचं ऑपरेशन झालं, पण कमरेखाली काही कळेनासं झालं. जीभ तेवढी शाबूत. सोबतीला म्हातारी आई. वळाबाईंनी दहा ठिकाणी शब्द टाकून त्याच्यासाठी पुनर्वसन केंद्रात जागा मिळवली होती. तिथे चाकाच्या खुर्चीत बसायला, आपलं आपण करायला शिकवायचे, जमलं तर नुसत्या हातांनी गाडी चालवायलाही. अट एकच, अंगावर जखम नको. पुढच्या आठवड्यात केंद्राच्या डॉक्टरीणबाई तपासायला येणार होत्या. जखम दिसली की जागा दुसऱ्याला, कारण वाट बघणारे ढीगभर.

म्हणून वॉर्डातली एकुलती एक धड हवेची गादी ड्रायव्हरला दिली गेली. तिचा पंप चालू असला की नळ्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे एकाच जागी भार राहत नाही. वळाबाईंना हायसं वाटलं. त्यांचे हात दुसऱ्या खाटांकडे वळले आणि ड्रायव्हरला वळवणं जरा लांबू लागलं. गादी आहे ना, बघेल ती!

आणि एका सकाळी अंग पुसताना त्याच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. वळाबाईंनी बोटाने दाबून पाहिला. दाबल्यावर पांढरा पडला तर बरं, हा मेला लालच राहिला. वर हाताला गरम.

"दुखतंय का हो इथे?"

"मला?" ड्रायव्हर म्हणाला. "कमरेखाली आग लावा, मी तिच्यावर बिडी पेटवून घेईन."

"तीच तर पंचाईत आहे."

दुपारी त्यांनी डबा उघडला. गादी असून डाग पडतोच कसा? डबा तसाच झाकून त्या वॉर्डात परत आल्या. ड्रायव्हर घोरत होता, आई वर्तमानपत्राने त्याला वारा घालत होती, आणि पंप गप्प. वळाबाईंनी त्याच्या कमरेच्या बरोबर खाली, गादीखाली हात सरकवला. त्याचं हाड सरळ त्यांच्या तळव्यावर टेकलं. मधे हवाच नव्हती.

"पंप कुणी बंद केला?"

म्हातारी दचकली. "मीच की हो. सारखं घरघर घरघर करतं ते, त्याचा डोळा लागत नाही. दुपारचा तेवढा बंद करते, तुम्ही यायच्या आत लावते."

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं या माउलीला! वळाबाईंची जीभ काही कमी तिखट नव्हती. भल्याभल्या साहेबांची त्यांनी हजेरी घेतली होती. पण इथे त्यांनी नुसतं बटण दाबलं, म्हातारीचा हात धरला आणि तो गादीखाली सरकवला.

"काय लागतंय?"

"हाड लागतंय."

हळूहळू नळ्या फुगल्या. "आणि आता?"

"आता नाही लागत." म्हातारीचा चेहरा पडला. "अगं बाई, म्हणजे माझ्याच हाताने मी लेकराला..."

"डोळे पुसा आधी. तुम्ही पंप बंद केलात, मी त्याला वळवणं कमी केलं. वळाबाई म्हणवून घेते आणि गादीच्या भरवशावर राहते! अर्धी चूक तुमची, अर्धी माझी, आणि मोठी अर्धी माझीच."

त्या क्षणापासून ड्रायव्हरला उताणं ठेवायचं नाही, या कुशीवरून त्या कुशीवर, एवढंच. सर्जननेही हरकत नाही म्हटलं होतं. पण हात आणायचे कुठून? संध्याकाळी भेटीची वेळ झाली तशा वळाबाई दारातच उभ्या राहिल्या. "नुसती खुर्ची उबवायला आलात का? हात धुवा आणि या इकडे!" कुणाचा साडू, कुणाचा मेव्हणा, कुणाच्या ऑफिसातले साहेब, सगळ्यांना जुंपलं. "चादर धरा. ओढायचं नाही हो, उचलायचं! ओढलंत तर कातडं सोलून निघेल." साहेबांचा टाय पेशंटच्या नाकात गेला, पण पेशंट वळला. दिवसा पेशंटच्या सोबतीला बसलेले नातेवाईकही मग वळवायला एकमेकांना आपणहून हाका मारू लागले. म्हातारीने पंपाशी अशी बैठक मारली की झाडूवालीसुद्धा त्या वायरला वळसा घालून जाई.

आणि ड्रायव्हरला वळवताना वळाबाई त्याचा हात खाटेच्या कठड्यावर ठेवायच्या. "हात धडधाकट आहेत ना? ओढा मग. फुकट प्रवास नाही मिळणार." तो शिव्या घालायचा आणि ओढायचा.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चष्मा चढवला, डाग पाहिला, बोटाने दाबला. फिकट झालेला तो डाग पांढरा पडला आणि पुन्हा गुलाबी झाला. "जखम नाही," त्या म्हणाल्या. वळाबाईंचा जीव भांड्यात पडला, तोच त्या पुढे म्हणाल्या, "पण माणसं आमच्याकडेही कमीच आहेत. याला सारखं वळवणार कोण?"

वळाबाई काही म्हणणार, तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "बाजूला व्हा जरा. सिस्टर, पायावर पाय टाकून द्या."

आजवर चादरीला चार हात लागल्याशिवाय तो वळला नव्हता. त्याने कठडा पकडला. मानेच्या शिरा तटतटल्या. खांदे फिरले, कंबर मात्र जागची हलेना. तो तसाच मधे अडकला, घामाने डबडबला. म्हातारीचे दोन्ही हात पुढे झाले. वळाबाईंनी ते वरच्यावर धरले आणि घट्ट धरून ठेवले. "नाही आई. थांबा."

त्याने दात खाऊन आणखी एक हिसका दिला. कंबर आली, मागोमाग पाय आले, आणि तो कुशीवर पडला.

"वळला!" म्हातारीने टाळ्याच पिटल्या. "अगं बाई, वळला! माझा बाळ वळला!"

"आई, गप गं," उशीत तोंड खुपसून ड्रायव्हर म्हणाला, "चाळिशीचा घोडा मी, लोक हसतील." त्याचा आवाज मात्र भिजला होता.

"सोमवारी पाठवा याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वळाबाई त्याच्या पाठीशी उशी टेकवायला वाकल्या, पण डोळ्यांपुढे धुकं, उशी हाताला लागेना. आणि म्हातारी शेजारच्या खाटेवर हात ठेवून तिथल्या पेशंटला सांगत होती, "पाचव्या महिन्यात पहिल्यांदा वळला ना, तेव्हाही असाच उजवीकडे वळला होता हो."