पाशा मिस्त्रीचं फिरतं दार

मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं चहाचं हॉटेल आणि शेजारी पाशा मिस्त्रीचं पत्र्याचं शेड. वीस वर्षं आमची भिंत एकच होती. त्याच्या वेल्डिंगच्या ठिणग्या माझ्या बाकड्यांपर्यंत यायच्या, माझ्या भट्टीचा धूर त्याच्या डोळ्यांत जायचा, त्यामुळं भांडण रोजचंच. माणूस मोठा हुन्नरी. पण कुणी कौतुक केलं की त्याची अक्कल गहाण पडायची. हे मी त्याच्या तोंडावर म्हणायचो, म्हणून लिहायलाही हरकत नाही.

दोन हजार बारा साली पावसानं पाठ फिरवली. भादव्यातच बोअर आटले आणि लोक ऊसतोडीला पश्चिमेकडं निघायची तयारी करू लागले. बैलगाड्या दुरुस्त करायला पाशाच्या शेडपुढं रांग लागली. त्या रांगेत नेकनूरकडची छबुबाई आणि तिचा नवरा सटवा होते. छबुबाईला पाचवा महिना होता. गाडीचा आस जोडून झाला तरी ती उठेना.

"मिस्त्री, मला एक कोपी करून द्या," ती म्हणाली.

पाशा हसला. कोपी म्हणजे तोडकऱ्यांची बांबू, तट्ट्या आणि उसाच्या पाचटाची झोपडी. "कोपीला मिस्त्री कावून पायजे, बाई?"

"पयलं लेकरू कोपीतच गेलं माझं. पुसाच्या थंडीत वारं शिरलं. हे बी पुसातच होणार हाय."

पाशाचं हसू थांबलं. मग ती त्याला शिकवत बसली. नव्या जागी पोचलं की कोपी कशी घालायची हे बाई ठरवते. ती मूठभर कोरडी माती खांद्याइतक्या उंचीवरून सोडते. धूळ जिकडं जाईल तिकडं दार. तोवर पुरुषांनी नुसते खांब धरून उभं राहायचं. पण हंगामात वारं बदललं तर सगळी कोपी मोडावी लागते. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसात ते त्राण नसतं. तिच्या पहिल्या लेकराच्या वेळी तसंच झालं होतं.

तीन आठवडे पाशानं दुसरं काही केलं नाही. पाइपांचा सांगाडा केला. चार बाजूंना एकाच मापाच्या चार चौकटी, त्यांवर तट्ट्या, आणि एकीत दार. चारी चौकटी आकड्यांवर अडकवून दोरीनं बांधायच्या. दार हव्या त्या बाजूला लावा, अर्ध्या तासाचं काम. उन्हात एक चौकट वर उचलून टेकू दिला की सावली. बाळंतिणीला आडोसा हवा तर पाचवी चौकट मधे बसवायची. मोडून एका गाडीत मावणारं घर. छबुबाईनं दोनदा गाठी बदलायला लावल्या. "गाठ एका हातानं सुटली पायजे. दुसऱ्या हातात लेकरू असतंय," ती म्हणाली.

पुसात मुलगी झाली आणि वाचली. चैत्रात परतताना त्यांनी तिला शेडवर आणली. मुक्ता नाव ठेवलं होतं. तिनं पाशाचं काळं बोट मुठीत धरलं आणि सोडेचना. त्या दिवशी त्यानं अख्ख्या फाट्याला माझ्याकडचा चहा पाजला.

पुढच्या वर्षी मोहनराव जीपनं आले. ज्या सहकारी कारखान्याला ही माणसं ऊस तोडत, त्याचे ते संचालक. त्यांना अशी शंभर घरं हवी होती. अट एकच: सांधे वेल्डिंगनं पक्के करायचे आणि सगळी दारं रस्त्याकडं. सुटं ठेवलं तर लोक खोलून गावी नेतील, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ओळ दिसायलाही छान.

पाशा घुटमळला. माझ्या गल्ल्याशी येऊन उभा राहिला. मी म्हणालो, "येडा झालास का बे? हो म्हण. लोकांना पक्कं घर देतोयस तू."

त्या शब्दानं घात केला. वर्षानुवर्षं घर मोडून गाडीत घालणाऱ्या आमच्या मुलखाला 'पक्कं' या शब्दाची भूल पडते. सटवानं तर पाशाला हार घातला. एकट्या छबुबाईनं विचारलं, "दार फिरतंय का?"

"आता कशाला फिरवायचं? पक्कं हाय," पाशा म्हणाला.

रस्ता उत्तरेला होता.

दोन हजार चौदाला पुन्हा दुष्काळ. कारखान्याच्या तळावर आता स्वतःची कोपी घालू देत नव्हते. पुसात एका सकाळी छबुबाईचा फोन आला. "मिस्त्री, वारं सरळ आत येतंय. दाराला गोधडी बांधली, टिकत न्हाई. मुक्ता लई खोकतीय. येऊन दार फिरवा."

पाशानं लोखंड कापायची करवत उचलली. मीच त्याला अडवलं. घरं कारखान्याची, आधी मोहनरावांना विचार, नाहीतर केस होईल, असं म्हणालो. मोहनराव त्या दिवशी मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्येच. ते दोन दिवस पाशाच्या माथी आहेत तेवढेच माझ्याही.

तिसऱ्या दिवशी आम्ही न विचारता निघालो. दुपारी पोचलो. शंभर घरांची सरळ ओळ, आणि शंभर दारांना फडफडणाऱ्या गोधड्या. छबुबाईचं घर रिकामं होतं. शेजारची बायनाबाई म्हणाली, "पोरीला धाप लागली व्हती. पहाटंच दवाखान्यात नेलं."

पाशानं करवत काढली. खाली बसला आणि सांधे कापू लागला. वॉचमन ओरडत आला, पाशानं वर पाहिलं नाही. बोटं सोलपटली, तरी थांबला नाही. दिवस कलेपर्यंत त्यानं दार दक्षिणेला नेऊन बांधलं, जुन्यासारखं दोरीनं, एका हातानं सुटेल अशा गाठीनं.

दिवस मावळायच्या आत ती दोघं आली. सटवा मागं होता. मुक्ता छबुबाईच्या खांद्यावर होती आणि गोधडी तिच्या तोंडावरून घेतलेली होती. छबुबाई सवयीनं उत्तरेला गेली. तिथं तट्ट्या होत्या. क्षणभर उभी राहिली, मग वळसा घालून आत गेली आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली.

"आता न्हाई येत वारं," ती म्हणाली.

पाशानं "बाई" म्हटलं आणि तो दाराबाहेरच खाली बसला. मी तर सरळ रडलो.

मुक्ताला माती दिल्यावरही आम्ही तिथं आठ दिवस राहिलो. पाशानं तोडकऱ्यांना हाताशी घेऊन उरलेल्या नव्व्याण्णव घरांचे सांधे कापले. कारखान्यानं तक्रार केली, आणि तिकडच्याच कोर्टात दोन वर्षं त्याच्या तारखा चालल्या. प्रत्येक तारखेला मी त्याच्याबरोबर गेलो. त्यानं कधीच बचाव केला नाही. कापले का, असं विचारलं की "हां, कापले" एवढंच.

पुढच्या भादव्यात छबुबाई पुन्हा शेडवर आली. पाशा तिच्याकडं बघेना. ती म्हणाली, "कोपी पायजे. फकस्त दोरीची. आनि इथंच उभी करून दावा."

त्यानं शेडपुढं सांगाडा आणला, पण चौकटींना हात लावला नाही. छबुबाईनं फाट्यावरची मूठभर माती उचलली आणि खांद्यापासून हळूहळू सोडली. धूळ कुठं जाते ते ती बराच वेळ बघत राहिली. तोवर पाशा खांब धरून उभा होता.