छातीतलं यंत्र आणि गेटवरचा भोंगा

बाबा मार्केट यार्डात हमाल होते आणि हमालांच्या संघटनेचे वक्तेही. मी अक्षरं शिकले ती घरात गठ्ठ्याने पडलेल्या पत्रकांवरून. ‘निषेध’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. तेव्हा हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसगाड्या धावू लागल्या होत्या. मोठ्या कंपन्या आता शेतमाल परस्पर उचलणार, अशी यार्डात बोलवा होती. मग पोती वाहणाऱ्यांनी काय करायचं, हे विचारायला बाबा दुपारी गेटवर उभे राहत. पट्ट्याने अडकवलेला भोंगा छातीवर, माईक हातात.

अशाच एका सभेत ते बोलता बोलता कोसळले. हृदयाचे ठोके फार मंद झाले होते. सरकारी दवाखान्यात त्यांच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली पेसमेकर बसवला.

त्याच्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका बाबांनी संघटनेच्या पत्रकासारखी वाचली, लाल पेनाने खुणा करत. चुंबक यंत्राजवळ नेऊ नये, या ओळीपाशी ते थांबले. भोंग्यात चुंबक असतं हे आम्हाला माहीत होतं. बिघडला की आम्ही तो घरीच उघडायचो.

आईने भोंगा माळ्यावर टाकला. ती त्याच यार्डात कांदे निवडायची. “अहो, बोलायला दुसरं कोणी नाही का?”

“आहेत की. त्यांचं ऐकतंय कोण?”

यंत्र बसल्यावर पोती उचलणं सुटलं तेव्हा बाबा हळहळले होते. आता मात्र ते गप्पच झाले. ताटावरही बोलेनात.

पुढच्या तपासणीला मी भोंगा पिशवीत घालून नेला. दारावरचा कर्मचारी म्हणाला, “इथे माणसं तपासतात. स्पीकर नाही.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांना ईसीजीच्या तारा लावल्या आणि भोंगा छातीशी नेला. पडद्यावरचे ठोके एकदम एका ठेक्यात पडू लागले. भोंगा वीतभर मागे घेतला, तसे पूर्ववत झाले.

“चुंबक जवळ आलं की हे यंत्र हृदयाचं ऐकत नाही. स्वतःच्याच तालावर चालतं.”

“म्हणजे सरकारसारखंच,” बाबा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा असा सूर ऐकला.

“भोंगा अंगावर नको. हातभर लांब, दुसऱ्या कोणीतरी धरायचा. भाषण बंद करा असं मी कुठे म्हटलंय?”

दुसऱ्या कुणी ‘आराम करा’ म्हणून वाटेला लावलं असतं. या बाईंनी एका हमालाचा आवाज हा तपासणीचा विषय मानला. मी त्यांची कायमची ऋणी आहे. म्हणूनच हेही सांगते: असं यंत्र आणि असा डॉक्टर मिळणं हे नशिबावर सोडायची गोष्ट नाही. तो प्रत्येकाचा हक्क आहे.

पुढच्या सभेला भोंगा कोणी धरायचा यावर कार्यकर्त्यांची चर्चा चालली होती. आई कांद्यांच्या ढिगावरून उठली, हात पदराला पुसले आणि पट्टा स्वतःच्या खांद्याला अडकवून बाबांच्या उजवीकडे, हातभर अंतरावर उभी राहिली.

“आता काय, काळजातच बॅटरी हाय,” एक जुना हमाल पुटपुटला. “ह्यो काय लवकर थांबत नाय.”

पण खांदा भरून आला की आई भोंगा खाली ठेवायची, वाक्य अर्धं असलं तरी. बाबांची भाषणं तेव्हापासून आटोपशीर झाली, आणि लोक शेवटपर्यंत थांबू लागले.