साडूचा भोंगा

देवाने माणसामागे जे सहा शत्रू लावून दिले आहेत, त्यातले पाच चष्मेवाल्यांच्या वाटेला फारसे कधी गेले नाहीत. राग जेमतेम, खाणं बेताचं, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. सहावा शत्रू म्हणजे मत्सर. तो मात्र त्यांच्याकडे घरजावई होऊन राहिला होता. त्यांच्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या दुकानदाराने वर मजला चढवला तेव्हा ह्यांनी आपणहून जाऊन अभिनंदन केलं. जगातल्या कुणाचं बरं झालं तरी ह्यांच्या पोटात दुखत नसे. जळायचं ते एकट्या साडूवर.

साडू म्हणजे त्यांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं केस कापायचं सलून होतं. माणूस तोंडाचा गोड, हाताचा हलका आणि खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला हसवून हसवून मान हलवायला लावणारा; मग स्वतःच म्हणायचा, "हलू नका, नाहीतर कानाचे पैसे वेगळे लागतील." सासूबाई होत्या तोवर दोन्ही जावई जेवायला बसले की त्या थोरल्याला विचारत, "वाढू का अजून?" आणि धाकट्याला न विचारताच वाढत. चष्मेवाल्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नाहीत.

चष्मेवाल्यांच्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाण्यांच्या जुन्या तबकड्या. दुकानामागच्या खोलीत भिंगं घासायचं यंत्र होतं आणि त्याच्या वरच्या फळ्यांवर त्या उभ्या लावलेल्या असत. सगळ्या मोनोच्या जमान्यातल्या. त्यांत डावा आवाज, उजवा आवाज असला प्रकार नाही. सगळं गाणं एकाच वाटेने येणार, म्हणून वाजवायलाही एकच भोंगा, म्हणजे स्पीकर, पुरे. दोन लावले की गाणारी बाई धड ह्या भिंतीला नाही, धड त्या भिंतीला नाही, अशी मधेच कुठेतरी लोंबकळते, असं ते म्हणत. संध्याकाळी कुणाच्या दिवाणखान्यात, कधी वाचनालयाच्या हॉलमध्ये ते तबकड्या लावायला जात. तरुण मुलं त्यांना 'मोनो डीजे' म्हणत. बायकोने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती म्हणाली, "अहो, डीजे म्हटल्यावर लोक कानात बोळे घालून येतील हो." तेव्हा ते दोन दिवस फुगून बसले होते, पण शब्द त्यांना मनातून आवडला होता.

हा नाद साडूला त्यांनीच लावला. सुई कशी ठेवायची, तबकडी कडेने कशी धरायची, सगळं हात धरून शिकवलं. आणि वर्ष उलटलं नाही तोच साडूलाही बोलावणी यायला लागली.

अशात एक बातमी आली. बंद पडलेल्या एका सिनेमागृहाच्या म्हाताऱ्या ऑपरेटरकडे पडद्यामागचे दोन जुने भोंगे होते. खाली कपाटाएवढी लाकडी पेटी, वर पत्र्याचा रुंद कर्णा. त्याला ते विकायचे होते. दोघांनाही एकेकच हवा होता. त्यामुळे दोघे साडू मिळून गेले.

ऑपरेटरने ते बाहेरच्या लांब पडवीत मांडून ठेवले होते. चष्मेवाल्यांनी एका बाईच्या संथ गाण्याची तबकडी बरोबर नेली होती. आधी ह्या भोंग्यावर लावली, मग त्या भोंग्यावर. दोघे जण पडवीच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या टाकून बसले. डोळे मिटून ऐकलं, पुन्हा उघडून ऐकलं. फरक म्हणून सापडेना.

"दादा, तुम्ही मोठे. तुम्ही आधी निवडा," साडू म्हणाला.

चष्मेवाले उठून जवळ गेले. कानाला नव्हता तो फरक डोळ्याला होता. एका कर्ण्याच्या ओठाला पोचा आला होता. भिंगावर केसाएवढा ओरखडा आला तरी जो माणूस ते परत पाठवतो, त्याला पोचा कसा चालणार? त्यांनी बिनपोच्याचा भोंगा घेतला. साडूने दुसऱ्याला थोपटलं आणि म्हणाला, "मला चालतो. नाक बसकं आहे म्हणून माणूस काही कमी गात नाही."

ऑपरेटर हसला. त्याने चहा केला आणि साडूला न मागता दुसरा कप दिला. चष्मेवाल्यांनी तेही पाहून ठेवलं.

पंधरवड्याने साडूने वाचनालयाच्या हॉलमध्ये भोंगा लावला. घरचे म्हणून चष्मेवाले आणि त्यांची बायको पहिल्या रांगेत बसले होते. सुई टेकली मात्र, आणि चष्मेवाले खुर्चीत पुढे सरकून बसले. गाणारी बाई समोर येऊन उभी राहावी तसा आवाज. तिने श्वास घेतला तो कळत होता, ओळ संपताना ओठ मिटले तेही कळत होतं. घरी आणल्यापासून स्वतःच्या भोंग्यावर हे त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे नुसता पेटीचा घुमारा यायचा. बाई जणू शेजारच्या खोलीत दार लोटून गाते आहे.

"छान आहे नाही?" बायको म्हणाली.

"हॉल चांगला आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नाही. त्या पोच्यातच काहीतरी असलं पाहिजे. साडूला हे ठाऊक असणार, म्हणूनच तर तो "तुम्ही मोठे, तुम्ही निवडा" म्हणाला. जेवताना घास हातात धरून बसत. यंत्रावर भिंग घासताना नजर फळीकडे आणि मन त्या पत्र्याच्या ओठाकडे.

शेवटी त्यांनी युक्ती काढली. साडूच्या घरी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मला हे बरं वाटत नाही. मोठ्याने चांगलं घेतलं आणि धाकट्याला पोचा आलेलं दिलं, असं व्हायला नको. तू माझा भोंगा घे. तुझा मी नेतो."

साडू नको नको म्हणत राहिला. मेव्हणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊजी, हल्ली असं कोण करतं?" ती म्हणाली. घरी आल्यावर बायको देवापुढे हात जोडून म्हणाली, "तुम्हाला ही बुद्धी त्यानेच दिली." बुद्धी कुणी दिली होती ते चष्मेवाल्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि ते नाव देवापुढे घेण्यासारखं नव्हतं.

पोच्याचा भोंगा घरी आला. त्यांनी तबकडी लावली. तोच घुमारा, तीच दाराआडची बाई.

पुढच्या महिन्यात साडूने बिनपोच्याचा, म्हणजे कालपरवापर्यंत ह्यांच्याच घरात असलेला भोंगा एका घरगुती मैफलीत लावला, आणि बाई पुन्हा समोर येऊन उभी राहिली. चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. आता कुठल्या तोंडाने परत मागणार? थोरपणा एकदाच दाखवता येतो.

अशा अवस्थेत कॉफीघराचा निरोप आला. मालकीणबाईंना दर शनिवारी संध्याकाळी जुन्या तबकड्या वाजवायच्या होत्या. माणूस मात्र एकच कायमचा हवा होता. "दोघेही या, दोघांचं ऐकते आणि ठरवते," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. ह्या जागेवर चष्मेवाल्यांचा कधीचा डोळा होता. लोकांच्या दिवाणखान्यात पाहुणा म्हणून जाणं वेगळं, आणि दर आठवड्याला आपली म्हणून एक जागा असणं वेगळं. तीही साडूला गेली तर तबकड्या विकून टाकायच्या, इथवर त्यांचं मन गेलं होतं.

ठरलेल्या संध्याकाळी दोन्ही भोंगे कॉफीघराच्या लांबट खोलीत एका टोकाला उभे राहिले. आधी चष्मेवाले. ते नेहमीसारखे भोंग्याच्या मागे, तबकड्यांच्या पेटीला गुडघा लावून उभे राहिले. लावायला सुरुवात केली की ते जागचे हलत नसत. कुणी तबकडीला बोट लावेल ही धास्ती. साडू समोरच्या टेबलाशी मालकीणबाईंजवळ बसला होता. दुसरं गाणं अर्ध्यात आलं तेव्हा तो उठून मागे आला.

"दादा, भोंगा जरा भिंतीकडे वळवा. पुढच्या टेबलांना टोचतोय."

"टोचतोय? अरे इथे तर धड ऐकू येत नाही."

"इथे कसं येईल? तुम्ही त्याच्या पाठीमागे उभे आहात."

चष्मेवाल्यांच्या मनात आलं, हा डाव आहे. ऐन वेळी माझं बिघडवायला आला आहे. त्यांनी मान फिरवली.

"बरं, माझं ऐकू नका," साडू म्हणाला. "तुम्हीच जा समोर. मी थांबतो इथे, कुणाला हात लावू देत नाही. मी केस कापताना नाही का मागे सरकून आरशात बघत? मानेमागून भांग दिसतो होय?"

जायचं नव्हतं, पण मालकीणबाई इकडेच बघत होत्या. चष्मेवाले पेटी सोडून टेबलांमधून समोर गेले. आणि खरंच, बाईचा आवाज दाभणासारखा कानात शिरत होता. पुढच्या टेबलावरच्या एका बाईने कानावर हात धरला होता. तेवढ्यात साडूने कर्णा वीतभर वळवला.

आवाज उघडला. बाई समोर आली. श्वास कळला, मिटलेले ओठ कळले.

चष्मेवाले दोन टेबलांच्या मधे तसेच उभे राहिले. पोच्याचा भोंगा, स्वतःची तबकडी. इतके दिवस ते ह्याच्या पाठीशी उभे राहून साडूच्या नावाने जळत होते. साडू प्रत्येक ठिकाणी गाणं लावून लोकांत हिंडत असे, ते त्यांना मिरवणं वाटलं होतं. तो ऐकत होता.

हे कळल्यावर मनाला गारवा वाटायला हवा होता. तसं झालं नाही. उलट नवीनच आग लागली. भोंग्यावर जळणं त्या मानाने सोपं होतं. भोंगा बदलून घेता येतो.

मग साडूची पाळी आली. आता खोली भरली होती. उशिरा आलेल्यांनी खुर्च्या ओढून तबकड्यांच्या टेबलापर्यंत गराडा घातला होता आणि मालकीणबाईही जवळून बघायला म्हणून मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. साडूला तिथून निघायला वाट उरली नव्हती. चष्मेवाले समोर बसले होते, मघाशी साडू बसला होता त्याच खुर्चीत.

सुई टेकली. आवाज टोचायला लागला. पुढच्या टेबलावरच्या बाईचा हात पुन्हा कानाशी गेला. एका माणसाने नाक मुरडून बायकोला काहीतरी सांगितलं. साडूने लोकांच्या माना आणि खांदे चुकवत बरोबर चष्मेवाल्यांकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. कसं येतंय?

काही करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. दिसलं नाही, असं म्हणता आलं असतं. चष्मेवाल्याला दिसलं नाही म्हणून लोक हसलेही असते आणि विषय संपला असता. शनिवार आपोआप ह्यांच्याकडे चालत आला असता. त्यांनी कॉफीचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला. गाण्याचं एक कडवं संपलं. साडू अजून बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता. तेच फार वाईट होतं. थोडा जरी संशय असता तरी बसून राहणं जमलं असतं.

अर्धं गाणं त्यांनी जाऊ दिलं. मग हात वर केला आणि पंजा भिंतीच्या दिशेने वळवला. साडूने कर्णा फिरवला. पंजा अजून थोडा वळला, कर्णा अजून थोडा फिरला. मग हात थांबला.

शनिवार साडूला मिळाला. मालकीणबाई म्हणाल्या, दोघांचं गाणं सारखंच गोड लागलं, पण हा लोकांशी बोलतो.

चष्मेवाले घरी आले तेव्हा बायको फोन ठेवत होती. "धाकटीचा होता," ती म्हणाली. "म्हणत होती, भाऊजींनी हात वर केला म्हणून आमचं निभावलं."

"खांदा आखडला होता म्हणून वर केला."

"हो का? मग चोळून देऊ?"

"नको."

ते पाय धुऊन आले, खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. बायको भाजी चिरत होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर केव्हा विचारू नये ते तिला कळत होतं.

"शनिवारी किती वाजता सुरू करणार आहे तो?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"कशाला? जाणार आहात?"

"जायला हवं. समोरची ती खुर्ची दुसऱ्या कुणी पटकावली तर त्या गाढवाला कोण सांगणार, कुठे वळवायचं ते."

"मी येऊन बसते हवं तर."

"तू नको," चष्मेवाले घाईने म्हणाले. "तिथे मी बसणार."