टाळीमास्तरांची टेप

यंत्र बायकोचं होतं, फळं वाळवायचं. पण सकाळपासून त्यात एक जुनी टेप होती. टाळीमास्तर त्याभोवती अशा घिरट्या घालत होते, जणू तिसरी घंटा झालीय आणि नायकाचा पत्ता नाही.

"झाकण उघडाल तर याद राखा," बायको म्हणाली. "ऊब मोडली की सगळं वाया, असं तुम्हीच सांगितलंत."

"उघडत नाही. वास घेतोय."

"शिजली का बघताय?"

मास्तरांची हयात एका स्टुडिओत रेकॉर्डिंग करण्यात गेली. ज्या गिटारवाल्याला लोक बादशहा म्हणून डोक्यावर घेत, त्याने तिथे काही रचना वाजवल्या आणि त्या बाहेर येण्याआधीच तो गेला. पुढे स्टुडिओला टाळं लागलं, तेव्हा भंगारात निघालेली त्या रचनांची ही टेप मास्तरांनी घरी आणली. ती वाजवायला घरी मशीन नव्हतं, आणि वर्षांमागून वर्षं गेली तशी टेप चिकट होऊन बसली. आता मंद उबेत दिवसभर ठेवली, तरच थोडा काळ फिरणार होती.

"ड्रमवाला आला नाही, म्हणून बादशहाने मला आत बोलावून टाळ्यांचा ताल धरायला लावला," ही गोष्ट मास्तरांनी न्हाव्याकडे, दवाखान्याच्या रांगेत, जो सापडेल त्याला ऐकवली. लोकांनी त्यांचं नावच टाळीमास्तर ठेवलं. विश्वास कुणीच ठेवला नाही. बायकोनेही नाही.

आता एक कंपनी त्या टेपची रेकॉर्ड काढणार होती. तिथली मुलगी संध्याकाळी मशीन घेऊन यायची होती. टाळ्या मास्तरांच्या ठरल्या, तर रेकॉर्डवर त्यांचं नाव येणार होतं.

पण मास्तरांना आता स्वतःचीच खात्री उरली नव्हती. सांगून सांगून गोष्ट गुळगुळीत झाली होती. आपण खरंच आत गेलो होतो, की काचेमागून नुसतं बघत होतो आणि पुढचं सगळं आपणच रंगवलं?

"बसा की जरा."

"बसलोच होतो."

"खुर्चीला कळलं नाही ते."

मुलगी आली. टेप फिरू लागली. आधी खरखर, मग तारा जुळवणं, मग ती गिटार. खोली भरून गेली. टाळी मात्र नाही. मास्तरांनी बायकोकडे बघायचं टाळलं.

गिटार थांबली. बादशहाचा आवाज आला, "नाही येत ड्रमवाला, तर राहू दे. तू आत ये रे. टाळ्या धर."

आणि टाळ्या सुरू झाल्या.

"टाळ्या आहेत," मुलगी म्हणाली. "पण काका, 'तू' म्हणजे कोण? हे कुणीही असू शकतं."

बायको मशीनकडे झुकली. टाळ्या हळूहळू गिटारच्या पुढे जात होत्या, आणि गिटार त्यांना गाठायला मागून पळत होती. बादशहा वाजवता वाजवता हसला, "अरे, तुझी गाडी सुटतेय का?"

"हेच आहेत," बायको म्हणाली.

"कशावरून, काकू?"

"बाजारात निघालो की हे पुढे, आणि पिशव्या सांभाळत मी मागून धावतेय. जन्म गेला माझा यात. एवढी घाई दुसऱ्या कुणाला असणार?"

मुलगी हसली आणि तिने पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा."

नाव बायकोनेच सांगितलं, अगदी सावकाश. मग खुर्ची पुढे सरकवली. मास्तर बसले, आणि टेप संपेपर्यंत उठले नाहीत.