गुलाबावरचा निपाणी इलाज

मला सांगा, माणसानं विश्वास कुणावर ठेवावा? शिकलेल्यावर, की अनुभवी माणसावर? बेळगावच्या आमच्या दोस्तानं, आप्पांनी, अनुभवी माणसावर ठेवला. म्हणजे माझ्यावर. काय झालं ते ऐका.

मी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. बागकाम शिकलो ते मोबाईलवर बघून आणि स्वतःची झाडं मारून. आप्पांचं घर शंभर वर्षांचं, मधोमध उघडा चौक. मुलीला बघायला कंग्राळीची मंडळी येणार, त्याआधी घर हिरवंगार दिसावं म्हणून त्यांनी मला कामाला लावलं. चौकात मी केळी, कर्दळ, जाई लावली. वर गच्चीवर, अगदी चौकाच्या कठड्याला लागून, गुलाबाच्या कुंड्यांची रांग. खालून मान वर केली की नुसते गुलाब!

आणि ऐन आदल्या दिवशी गुलाबावर मावा पडला, कळ्याकळ्यांवर बारीक किडे.

आप्पांची मुलगी पल्लवी शेतकी पदवीधर. म्हणाली, "काका, निंबोळी तेल फवारूया."

"तेलानं काय होतंय गं? निपाणीचा इलाज बघ!"

वखारीतली पिशवीभर तंबाखूची भुकटी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंड्यांवर सढळ हातानं उधळली.

"काका, वारं सुटलं तर?"

"मी हाय की!"

जणू वारं मला विचारून सुटतंय!

दुपारी मंडळी चौकात बसली. मुलगा-मुलगी बोलली, हसली. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "तर आमाला मुलगी…"

आणि सुटलं वारं.

आधी मुलाचा मामा शिंकला. मग मुलगा. मग आप्पा, पल्लवी, सगळेच. अहो, बोलणीत एक शिंक आली तरी लोक उठून जातात, इथं तर रांग लागली! आप्पांचा चेहरा पार उतरला.

"जाईचा वास जरा उग्र हाय," मी सारवासारव केली.

मुलाच्या आईनं पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडं रोखून पाहिलं. "व्हय? मग सगळी शिंकत्यात, तुमी एकटंच कसं न्हाय?"

चाळीस वर्षं वखारीत मुरलेलं नाक शिंकणार कुठून? तरी मी जीव एकवटून म्हणालो, "हाऽक् छी!"

"अण्णा, ही शिंक न्हाय. ही तुमी पाटी वाचलीसा."

चौकभर हशा. मुलगा डोळे पुसत वर बघून म्हणाला, "तंबाखू टाकलाय जणू कुणीतरी. निंबोळी तेल मारायचं की!"

पल्लवी ताडकन उभी राहिली. "आप्पा, मला मुलगा पसंत आहे."

लग्न ठरलं. तेव्हा हा किस्सा खुशाल पुढं सांगा, फक्त हिशेब प्रामाणिक ठेवा. शिंका एकूण चौदा. खऱ्या तेरा. उरलेली माझ्या नावावर.